डॅनियल जॉन्स्टनचं गाणं पेटीवर कसं बसवायचं

डॅनियल जॉन्स्टन हा अमेरिकेतला गाणी लिहून गाणारा माणूस. त्याची मूळ टेप आधी ऐकू नका. आधी कॅथी मॅकार्टी या गायिकेने गायलेली त्याची गाणी ऐका. माझ्या भाच्याला हे अजिबात पटत नाही. तो म्हणतो, आधी डॅनियल, मग बाकीचे. खरं माझं उलट झालं म्हणूनच मी डॅनियलपर्यंत पोचले, आणि आमच्या भजनी मंडळातल्या ज्या बायकांना मी ही गाणी ऐकवली त्यांचंही तसंच झालं. त्यांना थेट टेप ऐकवली असती तर दुसऱ्या ओळीला त्या चहा टाकायला उठल्या असत्या.

मी बेळगावात वडगावला राहते. दिवसा एका साडीच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिते आणि संध्याकाळी पेटी वाजवते. वडील मागावर बसायचे, एकादशीला भजनात पेटी धरायचे. ती पेटी आता माझ्याकडे आहे. सप्टेंबर 2019 मध्ये एका रात्री भाचा जेवायला आला आणि ताटावर नुसता बसून राहिला. "मावशी, हा गेला बघ," म्हणाला. "कोण गा?" म्हटलं तर मोबाइलवर एक चेहरा दाखवला. पांढरे केस, अवघडून बसलेला, जाड माणूस. टेक्सासमध्ये वयाच्या 58 व्या वर्षी वारला होता. भाच्याने त्याचं एक गाणं लावलं. टेपची खरखर, लहान पोरासारखा चिरका आवाज, मागे कसलीतरी पेटी. मी म्हटलं, "बंद कर रे, जेव आधी." मग त्याने तेच गाणं मॅकार्टीच्या आवाजात लावलं, आणि मी हातातली वाटी खाली ठेवली. चाल इतकी गोड होती! मघाशी तीच चाल माझ्या कानावर पडून गेली होती आणि मला ती ऐकूच आली नव्हती.

म्हणून हा क्रम. आधी चाल पोचू द्या, मग तिचा धनी.

थोडं त्याच्याबद्दल सांगते, कारण ते गाणं बसवताना उपयोगी पडतं. डॅनियल जॉन्स्टन 1961 चा. जन्म कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला, वाढला वेस्ट व्हर्जिनियात, पुढे टेक्सासमध्ये ऑस्टिनला आला. तिथे मॅकडोनल्ड्समध्ये काम करायचा आणि घरी साध्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटी लोकांच्या हातात द्यायचा. त्यातल्या दोन गाजलेल्या कॅसेटी 1983 च्या. सुरुवातीला त्याच्याकडे कॅसेटवरून कॅसेट भरायची सोय नव्हती, म्हणून कुणाला एक प्रत द्यायची तर तो सगळी गाणी पहिल्यापासून पुन्हा गायचा. हे वाचलं तेव्हा माझा मोठा घोर गेला. तो स्वतःच दर वेळी आपलं गाणं नव्याने गात होता, मग आपण गायलो तर त्यात आगाऊपणा कसला?

मनाच्या आजाराने त्याला शेवटपर्यंत सोडलं नाही. कितीतरी वेळा इस्पितळात राहिला. 1990 मध्ये वडील छोटं विमान चालवत होते आणि याने त्याची किल्ली काढून बाहेर फेकली. विमान झाडांत कोसळलं, दोघेही वाचले. त्याच्याबद्दल बोलायला बसलं की लोक हीच गोष्ट पहिल्यांदा सांगतात. मीही इथे सांगितली, कारण तुम्हाला ती कुठेतरी कळणारच आहे. पण गाण्याआधी ती सांगायची नाही. का, ते पुढे येईल.

आता ऐकायचं कसं. 2004 मध्ये एक जोड संच निघाला. एका सीडीवर इतरांनी गायलेली त्याची गाणी, दुसरीवर त्याचीच मूळ. गाणं शिकायला याच्यापेक्षा सोयीचं काही नाही. एक गाणं इकडचं, तेच तिकडचं, असं जोडीने ऐका. टॉम वेट्सने किंग काँगचं गाणं घेतलंय. मूळ गाणं जवळजवळ कथा सांगितल्यासारखं, नुसत्या गळ्यावर. वेट्सने त्यात हुंकार आणि ठोके भरले, गाण्याला त्या जनावराचं अंग दिलं. ब्राइट आइज या बँडने घेतलेलं 'डेव्हिल टाउन' मूळ बिनवाद्याचं, एवढंसं; त्यांनी त्याला साथ दिली आणि पुढे ते टीव्हीच्या मालिकेपर्यंत गेलं. बेकने मात्र जवळपास काहीच बदललं नाही. गिटार, माउथ ऑर्गन, सरळ गायलाय. तेही चालतं. पण तिघांनी काय केलं हे कागदावर लिहून काढा: काय ठेवलं, काय सोडलं, काय घातलं. घातलेल्याची यादी सगळ्यांत लांब झाली तर त्या गाण्याकडे जरा संशयाने बघा.

मॅकार्टी वेगळीच. ती ऑस्टिनचीच, तिथल्या एका बँडमधली, डॅनियलला ओळखणारी. 1994 मध्ये तिने अख्खी तबकडी त्याच्याच गाण्यांची काढली. त्याच्या टेपमध्ये जे सूर नुसते सुचवल्यासारखे येतात ते तिने वाद्यांत पुरे करून मांडले. त्याच्या मनात ऐकू येत असेल ते असंच असेल, असं मला तिची गाणी ऐकताना वाटतं. माझ्या मते त्यातली निम्मी गाणी मुळापेक्षा सरस आहेत, आणि हे म्हणताना मी डॅनियलला कमी लेखत नाही. चाल त्याची, शब्द त्याचे. चांगलं गाणं दुसऱ्या गळ्यात गेल्यावर मोठं होत असेल, तर ते आधीपासूनच मोठं होतं.

आपल्याकडे हे नवं नाहीच. सुळेभावी इथून हाकेच्या अंतरावर. तिथे 1924 मध्ये जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी 1965 मध्ये बालगंधर्वांची पदं गायली आणि नाव दिलं 'मला उमजलेले बालगंधर्व'. त्यात नक्कल नव्हती. मला जे उमजलं ते मी गातो, एवढंच. तुम्ही गाणं बसवायला घ्याल तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर हे नाव लिहा आणि बालगंधर्वांच्या जागी डॅनियल घाला. आम्ही तसंच केलं.

आता पेटी. डॅनियलच्या 1983 च्या टेपांत जे वाजतं ते कॉर्ड ऑर्गन. म्हणजे पट्ट्यांचीच पेटी, पण हवा पंख्याने भरते आणि डाव्या हाताला एकेक बटण दाबलं की तयार सुरांचा गुच्छ वाजतो. सूर धातूच्या बारीक पट्टीतूनच, म्हणजे रीडमधूनच येतो, म्हणून आपल्या पेटीचं आणि त्याचं रक्ताचं नातं आहे. पेटीवादक पंडित रामभाऊ विजापुऱ्यांच्या गावात पेटीला कमी समजणारं कुणी नाही, त्यामुळे गिटार नाही म्हणून अडून बसू नका. उलट आपल्याकडे एक गोष्ट जास्त आहे. पंख्याच्या हवेला चढउतार नसतो. आपल्या डाव्या हातात भाता आहे. ओळीच्या शेवटी भाता हलका सोडला की सूर दम घेतो. त्याच्या गाण्याला हीच गोष्ट हवी होती असं मला दर वेळी वाटतं.

पण पेटीवाल्यांची एक खोड आहे, माझीही होती. गाणाऱ्याच्या मागोमाग प्रत्येक सूर वाजवायचा, मधे जागा दिसली की मुरकी टाकायची. इथे ते करू नका. उजव्या हाताने तीन पट्ट्या धरा आणि धरून ठेवा. चाल गळ्याने म्हणू द्या. दोन्ही बाजूंचे खटके बंद ठेवा, नाहीतर मागे सतत सूर घुमत राहतो आणि गुच्छ बदलला की बेसूर लागतो. एकच रीड उघडी ठेवली तर आवाज बारीक आणि जरा पोरका येतो, तो या गाण्यांना शोभतो. मला हे कळायला महिना गेला. एका रात्री मी सगळी कलाकुसर काढून नुसते तीन सूर दाबून बसले, आणि माझी बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता कळालं बघ शब्द."

पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, त्याची घेऊ नका. साध्या टेपरेकॉर्डरवर भरलेली कॅसेट, तिचा वेग कमीजास्त झालेला असतो, त्यामुळे सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी लागतो. भाचा सुरुवातीला गिटार त्याच टेपला मिळवायला बघत होता, तास गेला. सोडून द्या. आपला गळा जिथे आरामात बसतो ती पट्टी धरा. मी काळी चारला गाते, भाचा काळी एकला. मात्र एक करा: मुळात तो ज्या शब्दावर सर्वांत वर जातो, तो शब्द तुम्हालाही थोडा अवघड गेला पाहिजे. पट्टी इतकी खाली घेतली की सगळंच सोपं झालं, तर त्या ओळीतली ओढ जाते.

ताल सर्वांत अवघड. आमच्याबरोबर शेजारच्या गल्लीतला एक मुलगा ढोलकी वाजवतो. घरी कानडी बोलतो, आमच्याशी मराठी, आणि तालात काही चुकलं की पुन्हा कानडीवर येतो. पहिल्याच दिवशी थांबला. "अक्का, इल्ली ओंद मात्रा जास्ती ऐती." इथे एक मात्रा जास्त आहे. आम्ही परत ऐकलं. खरंच होती. डॅनियल शब्द संपल्यावर श्वास घेतो किंवा पुढचा गुच्छ शोधतो, आणि तेवढ्यात एखादी मात्रा निसटते. आम्ही ती काढून ओळ आठ मात्रांत सरळ बसवली, भजनी ठेक्यात. ठेका छान चालला, आणि गाणं मेलं. कुठलंही चारचौघांसारखं गाणं झालं. ज्या ठिकाणी तो अडखळतो त्याच ठिकाणी ऐकणारा पुढे झुकतो, हे त्या दिवशी तिघांनाही कळलं.

मग आम्ही असं केलं. मूळ गाणं लावून तळहातावर मात्रा मोजल्या आणि प्रत्येक ओळीपुढे आकडा लिहिला. 8, 8, 9, 8, असं. ज्या ओळीला आकडा वेगळा आला ती लाल पेनाने. तेच कडवं पुढे परत येतं तेव्हा तिथेही मात्रा जास्त आहे का ते बघितलं. दोन्हीकडे असेल तर ती चालीचा भाग. ठेवायची, आणि ढोलकीवाल्याने तिथे हात उचलायचा. एकदाच असेल तर तो श्वास होता. तुमचा श्वास कुठे येतो त्याप्रमाणे तुम्ही ठरवा. तो मुलगा आता त्या नवव्या मात्रेला ढोलकीवर नुसतं बोट टेकवतो, आवाजही येत नाही, पण आम्हा दोघांना ते दिसतं.

ढोलकीची गरजच नाही अशीही गाणी आहेत. यो ला टेंगो या बँडने 1990 मध्ये त्याचं मोटरसायकलवरचं गाणं घेतलं ते किती हळुवार! मुळात ते उड्या मारत जातं. त्याच वर्षी न्यू जर्सीतल्या एका रेडिओ केंद्रात बँड वाजवत होता आणि डॅनियल घरून फोनवर गात होता, तेही रेकॉर्डिंग आहे. फोनच्या तारेतून येणारा तो आवाज आणि त्याला सांभाळून घेणारी ती साथ, हे मी साथीचा धडा म्हणून मंडळातल्या पोरींना ऐकवते. साथ म्हणजे पुढच्याला पडू न देणं.

आवाजाचं आता. त्याची नक्कल करू नका. हे मी हात जोडून सांगते. चिरका आवाज काढणं, मुद्दाम बेसूर जाणं, रेकॉर्डिंगवर नंतर खरखर घालणं, यातलं काहीही नको. तो तसा गायचा कारण त्याच्याकडे तेवढंच होतं आणि तो ते पूर्ण जीव लावून द्यायचा. तुमच्याकडे जे आहे ते तुम्ही द्या.

यामागे माझी एक गोष्ट आहे. माझा एक मामा होता. वयाच्या पंचविशीत आजारी पडला. धारवाडला औषधं चालू होती, कधी बरा असायचा, कधी महिनोन्‌महिने नाही. बरा नसायचा तेव्हा दारात बसून तुकोबांचे अभंग म्हणायचा. आवाज फाटलेला, मधेच थांबायचा, तेच चरण दहा वेळा. गल्लीतली पोरं त्याच्या मागे उभं राहून तसंच तोंड करून गायची आणि हसायची. मीसुद्धा एकदा हसले होते, आठ वर्षांची असेन. वडील मात्र दाराआड उभे राहून ऐकायचे. मामा गेल्यावर एका एकादशीला त्यांनी पेटीवर एक चाल धरली आणि मंडळाने ती उचलली. टाळ लागले, दुसऱ्या चरणाला सगळी खोली एका सुरात. मी आईला विचारलं, ही चाल कुणाची? आई रडत होती, बोललीच नाही. ती मामाची चाल होती. तो रोज दारात बसून तीच गात होता आणि आमच्यातल्या एकालाही ती ऐकू आली नव्हती, एकटे वडील सोडून. आजही आमच्या मंडळात ती चाल धरताना "मामाची चाल" असंच म्हणतात.

त्यामुळे कार्यक्रमात गाणार असाल तर निवेदन स्वतः लिहून द्या. आम्ही पहिल्यांदा एका कॉलेजच्या कार्यक्रमात गायलो. निवेदन करणाऱ्याला भाच्याने सहज विमानाची गोष्ट सांगितली होती, आणि त्याने माइकवर सुरुवातच केली, "आता ऐकू या एका वेड्या गायकाचं गाणं." सभागृह हसलं. मी पेटीवर बोटं ठेवून बसले होते, पहिला सूर त्या हशातच गेला, आणि लोक पुढची तीन मिनिटं हसायची जागा शोधत राहिले. गाणं कुणी ऐकलंच नाही. तेव्हापासून आमचं निवेदन दोन ओळींचं असतं: गीत आणि संगीत डॅनियल जॉन्स्टन, ऑस्टिन, टेक्सास, हे गाणं अमुक साली त्याने घरी रेकॉर्ड केलं. बस. आजाराबद्दल कुणी नंतर विचारलं तर नीट, आदराने सांगायचं.

शब्द इंग्रजीतच ठेवा, निदान सुरुवातीला. आमच्या बायकांना इंग्रजी फार येत नाही, म्हणून मी प्रत्येक ओळीचा अर्थ मराठीत लिहून वहीत समोर ठेवते आणि गाण्याआधी एकदा वाचून दाखवते. त्याची इंग्रजी साधी आहे, शाळेच्या पुस्तकासारखी. खरं प्रेम तुला शेवटी शोधत येईल, या अर्थाचं त्याचं जे गाणं आहे, त्यात तो सांगतो की प्रेमही तुला शोधतंय, तेव्हा तू उजेडात ये, नाहीतर ते तुला ओळखणार कसं. हे मी वाचून दाखवलं तेव्हा आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "हे तर देवाबद्दल आहे की." मी काही बोलले नाही. त्या आता ते गाणं सर्वांत चांगलं म्हणतात.

मी त्याचा मराठी अनुवादही करून बघितला, ओवीच्या अंगाने. घरात म्हणायला बरा वाटतो. पण रेकॉर्ड करून लोकांपुढे ठेवायचा असेल तर अनुवादाला वेगळी परवानगी लागते. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने कलम 31सी आलंय. त्याप्रमाणे पहिलं रेकॉर्डिंग झालं ते वर्ष संपून पाच वर्षं गेल्यावर कव्हर, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्याचं आपण गायलेलं रेकॉर्डिंग, काढता येतं, पण आधी कळवावं लागतं, रॉयल्टी भरावी लागते, तीही दर वर्षी किमान 50,000 प्रतींच्या हिशेबाने, आणि शब्दांत-चालीत गरजेपलीकडे फेरफार करता येत नाहीत. हौशी माणसाला हा आकडा झेपणारा नाही. म्हणून इंटरनेटवर टाकण्याआधी ज्या सेवेवरून टाकणार तिच्याकडे कव्हर गाण्याच्या परवान्याची सोय आहे का ते विचारा, आणि त्याचं नाव गीतकार-संगीतकार म्हणून न चुकता भरा. चाल कुणाची हे लिहायचं राहिलं, असं व्हायला नको.

रेकॉर्डिंगला स्टुडिओ लागत नाही. आमच्या गल्लीत दिवसभर यंत्रमागाची खटखट, म्हणून आम्ही रात्री नऊनंतर बसतो. मालकांच्या परवानगीने साड्यांच्या गोदामात. तिन्ही भिंतींना साड्यांचे गठ्ठे छातीपर्यंत रचलेले असतात, आवाज अजिबात घुमत नाही. घरी करायचं तर गाद्या उभ्या करा. मोबाइल पेटीपासून दोन हात लांब, गाणाऱ्याच्या तोंडापासून एक हात, आणि भात्याच्या बाजूला नको, नाहीतर हवेचा फसफस आवाज गाण्यापेक्षा मोठा येतो. खाली टॉवेल घाला, फरशीचा हादरा जातो. पावसाळ्यात आमच्याकडे दमटपणाने पट्ट्या फुगून अडकतात, तेव्हा जून ते सप्टेंबर पेटी वाजवून झाली की कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा. एकच पट्टी चिकटली तरी धरलेला गुच्छ बिघडतो.

एका रात्रीत तीनपेक्षा जास्त वेळा रेकॉर्ड करू नका. चौथ्यांदा गाणं पाठ म्हटल्यासारखं होतं. तिन्ही दुसऱ्या दिवशी ऐका, आणि लगेच त्यामागे डॅनियलची मूळ टेप ऐका. या वेळी ती टेप तुम्हाला वेगळी लागेल. आवाज तोच, खरखर तीच, पण चाल आता आतून माहीत आहे, त्यामुळे तो कुठे पोचायला बघतोय ते दिसतं. मला तर आता काही गाणी त्याचीच बरी वाटतात. जॅड फेअर या गायकाबरोबर लिहिलेलं, काही गोष्टी खूप काळ टिकतात या अर्थाचं गाणं मी कितीजणांचं ऐकलं, पण 1990 च्या तबकडीवरचं त्याचंच. ते आम्ही बसवायचं सोडून दिलं.

सध्या गाय घेऊन चालण्याचं गाणं घेतलंय. आइस्क्रीमच्या पाकिटावरच्या मुलीचं आणि गाईचं चित्र बघून त्याला ते सुचलं होतं. ढोलकीवाल्याने मात्रा मोजून दिल्यात, दोन ओळी लाल आहेत. काळी चारला वरचा सूर फार सोपा जातोय, उद्या काळी पाचला बघणार.